कर्क डग्लसच्या पिक्चरमधलं लाइटहाऊस नक्की कोणतं?

‘द लाइट ॲट द एज ऑफ द वर्ल्ड’ बघितलाय का? 1971 चा, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरचा, कर्क डग्लस लाइटहाऊसवाला आणि युल ब्रिनर चाच्यांचा म्होरक्या. पिक्चर बघून लोक गुगल करतात आणि समोर येतो तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा देखणा मनोरा, आजूबाजूला पाणी, मागे बर्फाचे डोंगर. अर्जेंटिनात उशुआया या गावाला गेलेला प्रत्येक जण बोटीतून त्याचेच फोटो काढून आणतो आणि खाली बिनधास्त ‘ज्यूल व्हर्नचं लाइटहाऊस’ लिहून टाकतो. पण ते हे नाहीच!

फोटोतलं आहे ते ‘ले एक्लेरेर’, बीगल चॅनल या सामुद्रधुनीमधलं. सुरू झालं 1920 च्या डिसेंबरात, आणि व्हर्न वारला 1905 मध्ये, म्हणजे विषयच संपला ना. शिवाय ते ऑटोमॅटिक, आत कोणी राहतच नाही, आणि गावापासून जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. आता सांगा, चाचे तिथे येऊन मारणार कोणाला? गोष्टीचा सगळा जीवच यात आहे की तीन माणसं, आसपास चिटपाखरू नाही, मदतीचं जहाज यायला काही महिने आणि दिवा विझवला की जहाजं खडकावर आपटणार, मग लूटच लूट.

असली जागा म्हणजे इस्ला दे लॉस एस्तादोस हे बेट, उशुआयापासून पूर्वेला अडीचशे किलोमीटरच्या वर. तिथलं ‘सान हुआन दे साल्वामेंतो’ 1884 च्या मे महिन्यात सुरू झालं आणि 1902 मध्ये बंदही पडलं. दिसायला अगदीच साधं बरं का, मनोरा वगैरे काही नाही, बुटकं लाकडी घर आणि आत दिवे. मुळात कड्यावरच बांधलेलं, मग वर टॉवर चढवायची गरजच काय. व्हर्न स्वतः तिकडे कधी गेला नव्हता, त्यामुळे कादंबरीत त्याने भक्कम उंच टॉवर उभा केला आणि काळही बिनदिक्कत 1859 चा घेतला, खरं लाइटहाऊस व्हायच्या पंचवीस वर्षं आधीचा. लेखकाला एवढी सूट चालते म्हणा.

गंमत म्हणजे नकाशावर बघितलं तर ले एक्लेरेर थोडं जास्तच दक्षिणेला आहे, आणि केप हॉर्नचं चिलीचं लाइटहाऊस तर दोघांच्याही कितीतरी खाली. त्यामुळे ‘जगाचं टोक’ हे नाव काही अक्षांश मोजून दिलेलं नाही, ते एकटेपणाचं नाव आहे, आणि त्या हिशोबाने सान हुआनच बरोबर.

पिक्चरमध्ये मात्र दोन्हीपैकी एकही नाही. शूटिंग झालं स्पेनमध्ये, काप दे क्रेउसला, लाइटहाऊसचा सेट लावून.

खऱ्या जागेवर 1998 मध्ये फ्रेंच लोकांनी तसंच लाकडी लाइटहाऊस पुन्हा बांधलं, पण त्या बेटावर जाणं सोपं नाही. एवढी हौस असेल तर फ्रान्समध्ये ला रोशेलला किनाऱ्याजवळ पाण्यात त्याची कॉपी आहे, ती बघा.