खरकट्याचं लोणचं

श्रावण लागला की आमच्या खरकट्याच्या बादलीचा वास बदलतो. एरवी झाकण उघडलं की आधी माडाच्या व्हिनेगरसारखा झोत येतो आणि त्याच्यामागून अगदी पुसट, शोधलाच तर सापडेल असा बांगडा. श्रावणात बांगडा गळून पडतो आणि उरतो तो ताकाच्या मडक्याचा आंबूस वास. (३१ जुलैला ट्रॉलरबंदी संपते, बाजारात ताजं नुस्तं, म्हणजे मासे, दिसू लागतं आणि नेमका तेव्हाच श्रावण आडवा येतो. हे दुःख गोव्याबाहेरच्यांना कळायचं नाही.)

बादली वीस लिटरची, घट्ट झाकणाची, तळाशी नळ बसवलेली. फोंड्यातल्या आमच्या चार माणसांच्या घराचं सगळं खरकटं तिच्यात जातं: शिळा भात, हुमणातले (माशांच्या आमटीतले) काटे, सुंगटांची (कोळंबीची) सालं, नारळाचा चोथा, मानकुरादच्या साली. गांडूळखतवाले ज्या दोन गोष्टींना हात लावू देत नाहीत, म्हणजे मासे आणि शिजलेलं अन्न, त्याच आमच्या कचऱ्यात सगळ्यात जास्त. म्हणून बोकाशी.

शब्द जपानी आहे. भुशात किंवा कोंड्यात आंबवलेलं खत जपानी शेतकरी जुन्या काळापासून वापरत आले. त्याला आजचं बादलीचं रूप मिळालं ते १९८०च्या दशकात. ओकिनावातल्या र्‍युक्यू विद्यापीठातले तेरुओ हिगा यांनी लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशावर जगणारे काही जिवाणू असं मिश्रण तयार केलं आणि त्याला इफेक्टिव्ह मायक्रोऑरगॅनिझम्स, थोडक्यात ईएम, असं नाव दिलं. हे मिश्रण कोंड्यात मुरवायचं आणि तो कोंडा कचऱ्यावर भुरभुरायचा, एवढीच कल्पना.

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. बोकाशी म्हणजे कंपोस्ट नव्हे. कंपोस्टला हवा लागते. ढीग तापतो, साठ अंशांपर्यंत जातो, वाफा निघतात आणि निम्मंअधिक वजन हवेत उडून जातं. बोकाशीत हवा कोंडायची असते. काही तापत नाही, फारसं काही उडत नाही. ज्यांनी दुभत्या जनावरांसाठी मक्याचा मुरघास, म्हणजे हवा कोंडून आंबवलेला हिरवा चारा, घातलाय त्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळेल: हा स्वयंपाकघराचा मुरघास आहे. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा मला थर दाबून वर ताटली ठेवताना पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तोरांची चेपणी घालतात तशेंच न्हय हें?" जवळजवळ तसंच. चेपणीतही कैऱ्या दडपायच्या, हवा काढायची, सुटलेल्या पाण्यात त्या बुडू द्यायच्या. फरक एवढाच की कैरीला मीठ आणि तिची स्वतःची आंबट धार राखते; शिळ्या भातात ती धार नसते, ती जिवाणूंकडून तयार करून घ्यावी लागते.

आता बादलीत काय चालतं ते पाहू. भात, साली, फळं यांतली साखर लॅक्टिक जिवाणू खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. त्यांतल्या एका गटाचं गणित फारच नीटस असतं: ग्लुकोजचा एक रेणू आत, लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बाहेर, कर्बवायू शून्य. बादलीचा सामू, म्हणजे पीएच, हळूहळू चारच्या आसपास उतरतो. एवढ्या आंबटपणात कुजवणाऱ्या जिवाणूंचा टिकाव लागत नाही. यीस्टही आपला हात मारून घेतं. एप्रिलमध्ये पिळलेल्या काजूच्या बोंडूंचा चोथा टाकला की झाकण उघडताना दारूच्या भट्टीजवळून गेल्यासारखं वाटतं.

आणि मासा? समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. त्याला वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि मागे राहतं ट्रायमिथिलअमाइन. दुपारी चार वाजता मासळी बाजारात येतो तो वास त्याचाच. पण हा रेणू अल्कधर्मी आहे. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नाही. उडालाच नाही तर नाकापर्यंत पोचणार कसा? आपण हुमणात सोलं, बिमलां, आंबाडे अशी आंबटं घालतो, मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतो, त्यात हीच रसायनं कामाला लागलेली असतात. बादलीत सोलांचं काम लॅक्टिक आम्ल करतं.

हे मला आधी ठाऊक असतं तर पहिली बादली फुकट गेली नसती. आमच्या न्हाणीतली चूल अजून नारळाच्या सोडणांवर पेटते, तिची राख मुबलक. घाणीवर राख टाकायची ही लहानपणापासूनची सवय. एके दिवशी तारल्यांची डोकी जरा जास्त झाली म्हणून मी वर दोन ओंजळी राख पसरली आणि झाकण लावलं. राख अल्कधर्मी. तिनं आम्ल मारलं, बांधून ठेवलेलं ट्रायमिथिलअमाइन सुटं झालं, जोडीला अमोनिया आला, आणि चौथ्या दिवशी शेजारच्या वयनी "उंदीर मेलो काय गो?" असं विचारत दारात. ती बादली कशी रिकामी केली ते सांगत नाही.

माशांत साखर जवळजवळ नसतेच, हाही त्यातला धडा. नुसती डोकी आणि आतडी टाकली तर लॅक्टिक जिवाणू खाणार काय? म्हणून माशांच्या प्रत्येक थराबरोबर भात नाहीतर फळांच्या साली हव्यात आणि कोंडा नेहमीच्या दुप्पट.

कचरा हवेविना सडणं म्हणजे मिथेन, अशी शंका वाचकाला आली असेल तर ती रास्त आहे. कचऱ्याच्या डोंगरात खोल आत हेच घडतं. पण मिथेन करणारे जीव फार नाजूक असतात. त्यांना सामू सातच्या आसपास लागतो. गोव्यातच साळगावला २०१६ पासून चालू असलेल्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज बनवतात. अशा टाक्यांत आंबटपणा वाढू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, कारण टाकी आंबली की गॅस बंद. आपली बादली मुद्दाम आंबवलेली. दोन्हीकडे हवा नाही, दोन्हीकडे तोच कचरा, पण सामू तीन अंकांनी खाली आणला की मिथेनचा कारखाना लोणच्याची बरणी होतो.

कोंडा विकत मिळतो, पण महाग पडतो. मी घरीच करते. तांदळाचं धुवण सैल झाकून दोन-तीन दिवस ठेवायचं, आंबूस झालं की त्याच्या दहापट दूध घालायचं. पाच-सात दिवसांत वर चोथा जमतो आणि खाली पिवळसर निवळ उरते. हे लॅक्टिक जिवाणूंचं विरजण. ते गुळाच्या पाण्यात कालवून गिरणीतल्या कोंड्याला चोळायचं. कोंडाच हवा, तूस नव्हे. तुसात जिवाणूंना खायला काही नाही. मूठ आवळली की लाडू वळावा पण पाणी गळू नये, इतपत ओलं. मग पिशवीतली हवा काढून दोन आठवडे बंद, नंतर सावलीत वाळवून डब्यात.

हे घरगुती विरजण म्हणजे ईएम नव्हे, असं कोणी म्हणेल. नसेल. प्रकाशावर जगणारे जिवाणू अंधाऱ्या बादलीत काय दिवे लावतात ते मला तरी समजलेलं नाही. ईएमभोवती चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ २००३ ते २००६ अशी चार वर्षं शेतावर प्रयोग झाला. काही वाफ्यांना जिवंत ईएम दिलं, काहींना तेच निर्जंतुक करून. जो फरक दिसला तो जिवाणूंमुळे नव्हता, ज्या पदार्थांवर ते वाढवले होते त्यांतल्या अन्नद्रव्यांमुळे होता. तेव्हा जिवाणूंकडून बादली आंबवून घ्यावी, जमिनीच्या उद्धाराची अपेक्षा त्यांच्यावर लादू नये.

रोजचं काम पाच मिनिटांचं. दिवसभराचा कचरा एकदाच टाकायचा, कारण झाकण जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा हवा आत. तुकडे लहान, वर मूठभर कोंडा, ताटलीनं दाबायचं, झाकण. आमटी-कढीचं पाणी आधी गाळून टाकायचं. सुक्या नुस्त्याची डोकी मी घालत नाही. त्यांतलं मीठ पावसाळ्यात वाहून जातं, पण उन्हाळ्यात कुंडीत साठतं आणि पानांच्या कडा करपतात. दोन-तीन दिवसांनी नळ सोडायचा. जे आंबट पाणी येतं त्यात शंभर पट साधं पाणी मिसळून झाडांना, आणि तसंच्या तसं न्हाणीच्या मोरीत. बादली भरली की दोन आठवडे तिला विसरायचं. तोवर दुसरी चालू. वर पांढरी बुरशी दिसली तर उत्तम. हिरवी-काळी दिसली तर हवा शिरली किंवा कोंडा कमी पडला.

दोन आठवड्यांनी झाकण उघडणाऱ्याची हमखास निराशा होते. गाजर गाजरासारखं, काटा काट्यासारखा. मुरलेली लिंबाची फोडही लिंबासारखीच दिसते की. खरं काम पुढे मातीत होतं. तिथे हवा मिळाली की मातीतले जीव आधी ते आम्लच खाऊन टाकतात आणि सामू वर सरकतो. आपली जांभ्याची माती मुळातच आंबट, तिला आणखी आंबट कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण हा आंबटपणा दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा. तेवढे दिवस तिथे रोप लावायचं नाही. राख टाकायची हौस असेल तर ती आता, मातीत. गांडुळंही सुरुवातीला दूर राहतात आणि मग झुंडीनं येतात.

माडाच्या मुळात तारले पुरायची रीत इथे जुनीच आहे, त्यामुळे वीतभर खोल पुरायला कोणाला शिकवावं लागत नाही. वर एक चिरा ठेवायचा, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. आंबट वासानं ती फसतात हे मी वाचलं होतं. आमच्या वाड्यावरच्या कुत्र्यांनी वाचलेलं नाही.

पावसात मात्र पुरायची पंचाईत. चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खणलं तिथे पाणी, आणि पाणी भरलेल्या मातीत हवा नाही. साध्या कंपोस्टचा ढीग तर जूनमध्येच चिखल होतो. बादलीला पावसाशी देणंघेणं नसतं, म्हणून पहिला टप्पा निर्धास्त. दुसऱ्यासाठी मी पडवीत एक मोठा टब ठेवलाय: कुंड्यांची जुनी माती तीन भाग, मुरलेला कचरा एक भाग, खालीवर करून वरून मातीचा जाड थर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वर्षभर हाच मार्ग. महिन्याभरात भात, साली, मासे सगळं काळ्या मातीत विरून जातं.

परवा अळूच्या वाफ्यासाठी तो टब उपसला. निघालं ते एवढंच: आंब्याच्या चार कोयी, कुर्ल्यांच्या नांग्या, शेवग्याच्या शेंगांची चिवट सालं, आणि चवथीपासून हरवलेला एक चहाचा चमचा.