चष्म्याचा नंबर कॉम्प्युटर काढतो, मग ऑप्टोमेट्रीला चार वर्षं कशाला?

बारावीनंतर काय, ही चर्चा निघाली आणि कोणी ऑप्टोमेट्रीचं नाव घेतलं की हे वाक्य हमखास येतं, "नंबरच काढायचा ना, तो तर आता कॉम्प्युटर काढतो!" मला हे ऐकून दरवेळी वाईट वाटतं, कारण हा अख्खा अभ्यासक्रम ज्या एका सुंदर गोष्टीभोवती वाढला ती बहुतेकांना माहीतच नसते.

आधी नावांचा घोळ मिटवू. ऑपरेशन करतो तो ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट, म्हणजे एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डोळ्यांचा डॉक्टर. चष्मा बनवून नाकावर नीट बसवून देतो तो ऑप्टिशियन. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासतो, नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, लहान मुलांमधला आळशी डोळा (म्हणजे मेंदू ज्याचा नीट वापर करत नाही असा डोळा) ओळखतो आणि काचबिंदूची शंका आली की डॉक्टरकडे पाठवतो.

हे शिक्षण सुरुवातीला दुकानातच मिळायचं, उस्तादाच्या हाताखाली. अमेरिकेत 1894 ला बॉस्टनमध्ये त्यासाठी शाळा निघाली, 1901 ला मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, 1910 ला कोलंबिया विद्यापीठात कोर्स आला. आपल्याकडे 1958 साली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, अलीगढचं गांधी आय हॉस्पिटल आणि हैदराबादचं सरोजिनी देवी हॉस्पिटल इथे डिप्लोमा सुरू झाले. पण चार वर्षांची पूर्ण डिग्री यायला 1985 उजाडलं. चेन्नईत शंकर नेत्रालय उभं करणारे डॉ. एस. एस. बद्रिनाथ स्वतः अमेरिकेत शिकून आलेले, त्यांच्या संस्थेने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री काढलं आणि डिग्री द्यायला सोबत घेतलं बिट्स पिलानीला. इंजिनिअरिंगची संस्था आणि डोळ्यांचा कोर्स, ऐकायला विचित्र वाटतं, पण मला ही जोडी फार योग्य वाटते कारण ऑप्टोमेट्री अर्धी तरी फिजिक्सच आहे.

आता ती सुंदर गोष्ट. रेटिनोस्कोपी. म्हणजे समोरच्याला एकही प्रश्न न विचारता त्याचा नंबर काढणं.

1859 मध्ये विल्यम बोमन नावाच्या इंग्रज डॉक्टरला डोळ्यात आरशाने उजेड टाकताना बाहुलीत एक विचित्र सावली सरकताना दिसली. 1873 मध्ये फ्रान्सच्या क्युइन्ये यांनी त्या सावलीवरून नंबर ओळखायची पद्धत बसवली, फक्त त्यांना वाटलं की हे सगळं कॉर्नियामुळे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागामुळे होतंय, खरं तर तो उजेड रेटिनावरून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावरून परत येत होता. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल येतात ना, तोच उजेड.

तपासणारा साधारण 66 सेंटीमीटरवर बसतो, रेटिनोस्कोप नावाच्या हातातल्या उपकरणातून उजेडाची एक पट्टी डोळ्यात टाकतो आणि ती हळू हळू डावी-उजवीकडे फिरवतो. बाहुलीत जी लालसर चमक दिसते ती कुठे सरकते ते बघायचं. रेटिनावरून निघालेले किरण डोळ्याबाहेर पडून एका बिंदूवर जमतात, याला फार पॉइंट म्हणतात, आणि दूरचा मायनस नंबर असलेल्या माणसाचा हा बिंदू त्याच्या समोरच कुठेतरी असतो. तो तपासणाऱ्याच्या अलीकडे पडला तर किरण वाटेतच एकमेकांना ओलांडतात, चित्र उलटं होतं आणि चमक पट्टीच्या विरुद्ध दिशेला पळते. ओलांडायच्या आधीच किरण तपासणाऱ्यापर्यंत पोचले तर चमक पट्टीसोबतच सरकते. सोबत असेल तर प्लसची काच लावत जायची, विरुद्ध असेल तर मायनसची, आणि एका क्षणी चमक सरकायचीच थांबते, अख्खी बाहुली एकदम उजळते, एकदम विझते. याला न्यूट्रल म्हणतात. फार पॉइंट आता बरोब्बर तपासणाऱ्याच्या डोळ्यावर आलेला असतो.

मग साधी वजाबाकी. 66 सेंटीमीटर म्हणजे दीड डायॉप्टर (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात), तेवढे वजा करायचे. +3.50 वर न्यूट्रल आलं तर नंबर +2.00, आणि -1.50 वर आलं तर -3.00. पट्टी फिरवून आडव्या-उभ्या दिशेला वेगवेगळी उत्तरं आली की तो फरक म्हणजे सिलिंडर. +1.00 आणि +2.50 आलं तर दीडचा सिलिंडर. मुरलेला हात तर चमकेवरूनच अंदाज बांधतो, मंद आणि सुस्त असली तर न्यूट्रल लांब आहे, तेज आणि चपळ झाली की जवळ आलं.

कॉम्प्युटर म्हणतात ते मशीन म्हणजे ऑटोरिफ्रॅक्टर, तेही इन्फ्रारेड किरण डोळ्यात टाकून परत आलेले मोजतं, पण त्यात दिसणारं रस्त्याच्या टोकाच्या फुग्याचं चित्र बघताना लहान मुलं डोळ्यातली लेन्स फुगवतात आणि मायनस नंबर उगाच जास्त येतो. आणि वर्षभराचं बाळ हनुवटी टेकवून बसणारच नाही, त्याला खेळणं दाखवत, गरज पडली तर लेन्सचं फुगणं थांबवणारे थेंब टाकून, रेटिनोस्कोपीच करावी लागते.

थेंबांवरून आठवलं. 2024 मध्ये पिलोकार्पिनच्या थेंबांनी वाचायचा चष्मा सुटणार अशा बातम्या आल्या, जाहिरात इतकी झाली की औषध नियंत्रकांनी परवानगीच स्थगित केली. हे थेंब बाहुली बारीक करतात, बारीक भोकातून बघितलं की काही तास जवळचं स्पष्ट दिसतं, पण चाळिशीनंतर ताठर झालेली लेन्स ताठरच राहते. आणि तळवे चोळून, सूर्याकडे बघून नंबर घालवायचे व्यायाम तर करूच नका, सूर्याकडे बघून रेटिना कायमचा भाजू शकतो.

1985 नंतर बऱ्याच शहरांत कॉलेजं निघाली, पुढे मास्टर्स आणि पीएचडी आली, 2021 च्या ॲलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टला जागा मिळाली. विद्यार्थ्याचा सराव मात्र अजून रेटिनोस्कोपीपासूनच सुरू होतो, एक छोटा खोटा डोळा असतो, त्याची नळी आतबाहेर सरकवून हवा तो नंबर लावता येतो. आधी त्या नळीवर, मग शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या डोळ्यावर, आणि मग ओपीडीत आईच्या मांडीवरच्या बाळावर.