खर्च सांगितला म्हणून रेशन कार्ड जात नाही ओ

आमच्या सोलापुरात कित्येक वर्षं एकच अफवा फिरतीय, सरकारी सर्व्हेवाल्याला घरखर्च सांगितला की रेशन कार्ड बंद. तसं काही नसतं, 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्यानं एकेका घराची माहिती गुप्तच ठेवावी लागते. मग एवढे बारीक प्रश्न कशाला, तर "महिन्याला किती जातात" असं एकदम विचारलं की माणूस अंदाजे ठोकून देतो, म्हणून 2022-23 च्या सरकारी घरखर्चाच्या सर्व्हेत भाजी, अंडी, तेलाचं मागच्या 7 दिवसांचं, ज्वारी-डाळीचं 30 दिवसांचं आणि कपडे, चादरी, चपलांचं 365 दिवसांचं विचारलं (गड्ड्याच्या जत्रेतली खरेदी जानेवारीत होते, जूनमध्ये महिन्याचं विचारून काय डोंबल सापडणार). तीनदा घरी आले ते पण संशयानं नाही, खर्चाच्या प्रश्नावल्याच तीन होत्या, एकाच बैठकीत सगळं विचारलं तर शेवटी शेवटी माणूस कंटाळून काहीही सांगतो.