टर्बोचार्जर, शीतन व निष्कास यंत्रणांची तपासणी

टर्बोचार्जर, शीतन व निष्कास यंत्रणांची तपासणी : मोटारगाडीच्या एंजिनात दाबाने हवा भरणारा टर्बोचार्जर, एंजिनाची उष्णता बाहेर नेणारी शीतन यंत्रणा आणि जळालेले वायू बाहेर सोडणारी निष्कास यंत्रणा यांतील दोष शोधण्याची कार्यपद्धती. पाठ्यपुस्तकांत ही तीन वेगळी प्रकरणे असतात. टर्बो बसवलेल्या गाडीत मात्र तिन्ही एका वीतभर कवचात एकत्र येतात. टर्बाइन (वायूच्या झोताने फिरणारे चक्र) निष्कास वायूवर फिरते व त्याच शाफ्टवरील संपीडक-चक्र हवा दाबते, हा शाफ्ट (दांडा) एंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो आणि बेअरिंगचे कवच बहुतेक आधुनिक पेट्रोल गाड्यांत कूलंटने (शीतन द्रवाने) थंड ठेवले जाते. म्हणून तक्रार एकीकडे उमटते आणि कारण दुसरीकडे सापडते. ‘टर्बो गेला’ म्हणून उतरवलेल्या टर्बोत अनेकदा मूळ दोष टर्बोचा नसतो. ऑइल, हवा किंवा निष्कास यांच्या वाटेत कुठेतरी तो दडलेला असतो आणि तो तसाच राहिला की नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

इतिहास : टर्बोचार्जरच्या शोधाचे श्रेय सामान्यतः स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी (१८७९–१९५९) यांना दिले जाते. एंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना मात्र त्यांच्याही आधीची आहे; गोटलीब डाइम्लर यांनी १८८५ मध्येच तशा योजनेचे पेटंट घेतले होते, पण तीत निष्कास वायूच्या ऊर्जेचा वापर नव्हता. ब्यूखी यांचे जर्मन पेटंट १९०५ सालचे. काही लेखक हेच टर्बोचार्जरचे जन्मवर्ष मानतात. त्यावर आक्षेप असा की, त्या पेटंटमधील संपीडक, पिस्टन एंजिन आणि टर्बाइन ही एकाच शाफ्टवर जोडलेली होती. आजच्या टर्बोचा शाफ्ट एंजिनाच्या क्रँकशाफ्टपासून पूर्ण सुटा असतो. दोहोंत दुवा असतो तो केवळ वायूचा. या काटेकोर व्याख्येने पाहिल्यास १९०५ ची रचना ही संयुक्त एंजिनाची, म्हणजे टर्बाइन थेट एंजिनाच्या शाफ्टला जोडण्याची योजना ठरते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ओग्यूस्त रातो यांनी विमानाच्या एंजिनावर टर्बो चालवून पाहिला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर लिबर्टी एंजिन नेऊन चाचणी घेतली. विरळ हवेत घटणारी शक्ती टर्बोमुळे भरून निघते, हे त्या चाचणीत दिसले. त्यामुळे अमेरिकी लेखनात मॉस यांचे, तर फ्रेंच लेखनात रातो यांचे नाव पुढे येते. ब्यूखी यांना स्वतःला निर्विवाद यश मिळाले ते १९२५ च्या सुमारास, डीझेल एंजिनावर. शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी एंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. कल्पना कोणाची आणि चालणारे यंत्र कोणाचे हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर वादाचा बराचसा भाग उरत नाही. कल्पनेचे श्रेय ब्यूखी यांना देणेच अधिक सयुक्तिक दिसते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत आढळणारा ‘टर्बोसुपरचार्जर’ हा शब्द याच यंत्राचा असून तो दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू मागे पडला.

प्रवासी मोटारगाडीत टर्बो आला १९६२ मध्ये, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या दोन अमेरिकी गाड्यांतून. यांतील जेटफायरची हकीकत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोधक आहे. तिचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबले जाते ते) १०.२५ इतके चढे होते. त्यावर दाबाची हवा भरली की एंजिन ‘नॉक’ करणार (मिश्रण अवेळी पेटून ठोके देणार), म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोय केलेली होती. मालक ती टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा हवेचा दाब आपोआप उतरवी आणि गाडी ओढेनाशी होई. तक्रार येई ती टर्बोची. पुढे अनेक जेटफायर गाड्यांवरून टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवण्यात आला.

तपासणीचा क्रम : प्रथम थंड एंजिनावर डोळ्यांनी पाहणी, मग ऑइल व कूलंट यांची पातळी आणि अवस्था, मग स्कॅनरवरील (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या उपकरणावरील) दोषसंकेत, त्यानंतर भाराखाली गाडी चालवून नोंदी, आणि सर्वांत शेवटी सुटे भाग उतरवणे, असा क्रम रूढ आहे. व्यवहारात तो नेमका उलटा होतो, कारण स्कॅनर जोडणे सोपे आणि गाडीखाली शिरणे अवघड. पी०२९९ हा संकेत ‘अपेक्षेपेक्षा कमी बूस्ट’ (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) एवढेच सांगतो. फाटलेली होज, अडकलेला वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वगळून सोडणारी झडप), तुंबलेला फिल्टर, बिघडलेला दाबसंवेदक यांपैकी कोणत्याही कारणाने तो उमटतो. दाबसंवेदकाची पहिली परीक्षा एंजिन सुरू न करताच होते : चावी ‘ऑन’ असताना त्याने वातावरणाचा दाब, म्हणजे समुद्रसपाटीजवळ सुमारे १०० किलोपास्कल, दाखवला पाहिजे.

उभ्या गाडीत एंजिन नुसते रेझ करून बूस्ट पाहण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. भार नसताना निष्कास वायूत टर्बाइनला पुरेसा जोर देण्याइतकी ऊर्जाच नसते. चढावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन अपेक्षित व प्रत्यक्ष दाब यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तरच काही कळते.

टर्बोचार्जर : टर्बोचा शाफ्ट मिनिटाला एक ते दोन लाख फेरे, छोट्या टर्बोत त्याहूनही अधिक, घेतो. पेट्रोल एंजिनात टर्बाइनकडे येणारा वायू ९५०° ते १,०५०° से. पर्यंत तापतो, डीझेलमध्ये हे तापमान साधारण ८५०° से. च्या आत राहते. इतक्या वेगात ऑइलचा पुरवठा काही सेकंद जरी खंडित झाला तरी बेअरिंग खरवडले जाते.

हवेच्या नळ्या आधी पाहाव्यात. संपीडकाकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या होजला क्लॅम्पच्या कडेला एकाच बाजूने ओलसर, धुळीने काळवंडलेली रेघ दिसली, तर हवा तिथूनच निसटत असते. हवेबरोबर आलेल्या ऑइलच्या सूक्ष्म थेंबांवर धूळ बसून ती रेघ तयार होते. होजच्या आतील बाजूस ऑइलचा पातळ थर असणे हा दोष नव्हे, कारण क्रँककेसमधील (एंजिनाच्या खालच्या पेटीतील) वाफाही याच वाटेने येतात. इंटरकूलरच्या तळाशी ऑइल साठून वाहत असेल तर मात्र पुढे शोध घ्यावा लागतो. शंका उरल्यास नळ्यांत कमी दाबाची हवा किंवा धूर सोडून गळती पाहतात. साबणाचे पाणीही पुरते.

यानंतर संपीडकाच्या तोंडावरील होज काढून, पूर्ण थंड एंजिनावर, शाफ्टचे टोक चिमटीत धरायचे. ते सहज फिरले पाहिजे. आडव्या दिशेने थोडे हलणे साहजिक आहे, कारण तरंगत्या बेअरिंगला ऑइलच्या थराची जागा लागते आणि बंद एंजिनात तो थर नसतो. पुढे-मागे, म्हणजे अक्षाच्या दिशेने, हालचाल हाताला जाणवता कामा नये. ती साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच असते. आडवे दाबून फिरवल्यावर पाते कवचाला घासत असेल तर टर्बो उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

उतरवलेला टर्बो बरेच बोलतो. पात्यांच्या कडा तुटक्या असतील तर कडक वस्तू आत गेली, वाळूने घासल्यासारख्या बोथट असतील तर एअर फिल्टरची वाट मोडली. शाफ्टवर निळसर-जांभळी झाक असेल तर ऑइल कमी पडले; बेअरिंगवर गोल ओरखडे असतील तर ऑइल आले पण घाणेरडे. संपीडक-चक्राची मागची बाजू संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली असेल, तर चक्र मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरले असे समजतात. गळक्या होजमुळे तसे होऊ शकते, कारण निसटलेली हवा भरून काढायला टर्बो अधिक पळतो.

गाडी ऑइल खाते व निळा धूर मारते, ही तक्रार सर्वाधिक चुकीच्या निदानाची. टर्बोतील सील हे रबरी नसून पिस्टन रिंगसारखे धातूचे असतात आणि दोन्ही बाजूंच्या दाबाच्या फरकावर त्यांचे काम चालते. ऑइल टर्बोतून खाली परतते ते केवळ स्वतःच्या वजनाने. परतीची नळी वाकली, आत कोळसा साचला किंवा फ्लँजला लावलेले पातळ सीलंट दाबून आत शिरले, की ऑइल कवचात तुंबते आणि धडधाकट सीलमधूनही बाहेर पडते. क्रँककेसचा वायुवीजन झडप बंद पडला तरी हेच घडते. एअर फिल्टर चोंदल्यास संपीडकाच्या मागे निर्वात तयार होऊन ऑइल तिकडे ओढले जाते. नवा टर्बो बसवण्यापूर्वी या तीन जागा पाहिल्या नसतील तर निदान झालेले नाही, असेच म्हणावे लागते. डीझेल एंजिनात याला धोक्याचीही बाजू आहे : गळलेल्या ऑइलवरच एंजिन पळू लागते आणि चावी काढूनही थांबत नाही. अशा वेळी हवा कोंडणे हाच उपाय.

बदलत्या भूमितीच्या टर्बोत टर्बाइनभोवतीच्या हलत्या पट्ट्या काजळीने अडकतात. मोठ्या भारानंतर गाडी एकाएकी मंद होते, बंद करून पुन्हा सुरू केली की तक्रार गायब. हे त्याचे ठरलेले लक्षण. निर्वातावर चालणाऱ्या ॲक्ट्युएटरला (पट्ट्या हलवणाऱ्या भागाला) हातपंप लावून दांडी अडखळत सरकते की सलग, हे पाहता येते.

गाडी थांबवण्याआधी एंजिन काही मिनिटे नुसते चालू ठेवावे, हा जुना सल्ला कूलंट नसलेल्या टर्बोंच्या काळातला. गरम टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे सरकून ऑइलचा कोळसा होऊ नये, हा त्यामागील हेतू. कूलंट असलेल्या कवचात एंजिन बंद झाल्यावरही गरम कूलंट वर व थंड कूलंट खाली असे अभिसरण काही काळ चालते; काही गाड्यांत त्यासाठी वेगळा विद्युत पंपही असतो. मोठा चढ चढून लगेच थांबायचे असल्यास मिनिटभर थांबण्यात आजही तोटा नाही.

शीतन यंत्रणा : येथील बहुतेक प्रश्न रेडिएटरच्या किंवा कूलंट टाकीच्या झाकणापासून सुरू होतात. झाकण साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते आणि त्यामुळे साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू १००° वरून सुमारे १२०° से. पर्यंत चढतो. निम्मे एथिलीन ग्लायकोल असलेले मिश्रण वातावरणीय दाबावरच सुमारे १०७° से. ला उकळते आणि साधारण –३७° से. पर्यंत गोठत नाही. झाकणाचा रबर चिरला की दाब टिकत नाही, आणि बाकी सगळे ठीक असूनही कूलंट उकळून बाहेर येते. गरम एंजिनावर झाकण उघडू नये, हा इशारा याच दाबामुळे : दाब सुटताच १००° से. च्या वरचे द्रव क्षणात वाफ होऊन उसळते.

एंजिन कधी तापते यावरून निम्मे निदान होते. रहदारीत तापते आणि वेगात थंड होते, तर पंखा, त्याचा रिले (विद्युत स्विच) किंवा पंखा फिरवणारी चिकट (व्हिस्कस) जोडणी. रहदारीत ठीक पण वेगात वा चढावर तापते, तर रेडिएटर आतून चोंदलेला, पंपाची पाती झिजलेली किंवा खालची होज ओढीने चपटी होणारी. टर्बो गाड्यांत एक जादा जागा असते : इंटरकूलर पुष्कळदा रेडिएटरच्या पुढे उभा असतो आणि दोहोंमधल्या फटीत धूळ, किडे, पाने यांचा थर साचतो. पुढून पाहिले तर सगळे स्वच्छ दिसते.

डॅशबोर्डवरील काट्यावर विसंबू नये. अनेक गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बऱ्याच पल्ल्यात बदलले तरी काटा मध्यावरून हलत नाही. स्कॅनरवरील आकडा पाहावा. थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडील वाट उघडणारी झडप) सामान्यतः ८२° ते ९५° से. दरम्यान उघडतो. तो उघडाच अडकला तर एंजिन नीट तापत नाही आणि पी०१२८ हा संकेत येतो.

बाहेर थेंबही न गळता कूलंट कमी होत असेल, तर हेड गास्केटचा (एंजिनाचा ठोकळा व त्यावरील हेड यांमधील सीलचा) संशय येतो. टाकीच्या तोंडाशी निळे रसायन असलेली नळी धरतात; ज्वलनातील कार्बन डाय-ऑक्साइड कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळे पडते. ऑइलच्या झाकणाखालचा दुधी साय हा पुरावा म्हणून फार पुढे केला जातो, पण थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या निर्दोष एंजिनातही तो दिसतो. कवच तडकल्यास टर्बोतूनही कूलंट निष्कासात जाऊ शकते, तेव्हा पांढरा धूर पाहून लगेच हेड उतरवू नये. कूलंट बदलल्यावर हवा काढणे आवश्यक असते. टर्बोच्या नळ्या उंचावर असल्याने हवेचा फुगा नेमका तिथे अडकतो.

निष्कास यंत्रणा : टर्बाइनच्या आधीची गळती आणि नंतरचा अडथळा, हे दोन दोष बूस्टवर थेट परिणाम करतात. मॅनिफोल्डला (सिलिंडरांतील निष्कास एकत्र करणाऱ्या नळीला) तडा गेला असेल तर थंड एंजिन सुरू करताच टिकटिक ऐकू येते. धातू तापून फुगला की आवाज विरतो. जोडाच्या कडेला पंख्यासारखा पसरलेला काजळीचा डाग गळतीची जागा दाखवतो. बाहेरची हवा आत शिरल्याने ऑक्सिजन संवेदक फसतो व मिश्रण ‘पातळ’ असल्याचे चुकीचे सांगतो. केबिनखाली गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. या वायूला वास नसतो.

अडथळा मोजण्यासाठी पुढच्या ऑक्सिजन संवेदकाच्या जागी दाबमापक बसवतात. ढोबळमानाने मंद फेऱ्यांवर १० आणि २,५०० फेऱ्यांवर २० किलोपास्कलच्या वर दाब गेल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (निष्कासातील घातक वायू कमी करणारा भाग) वा सायलेन्सर तुंबला असे धरतात. हे आकडे टर्बो नसलेल्या पेट्रोल गाड्यांच्या सरावातून आले आहेत. टर्बो गाडीत संवेदक टर्बाइनच्या पुढे आहे की मागे, हे आधी पाहावे लागते.

डीझेल गाडीच्या निष्कासातील काजळी अडवणाऱ्या गाळणीत साचलेली काजळी सुमारे ६००° से. ला जळते, पण ऑइलमधून आलेली राख जळत नाही. टर्बोने ऑइल सोडले की गाळणी लवकर भरते. भरलेल्या गाळणीमुळे टर्बाइनमागील दाब वाढून टर्बो अधिक तापतो, मग आणखी ऑइल सुटते. या चक्रात आधी काय बिघडले हे उतरवलेल्या भागांवरून नेहमीच ठरवता येत नाही. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाच्या जुन्या नोंदी स्कॅनरमध्ये शिल्लक असतील तर त्याच उपयोगी पडतात.