वखार एकाच घरात का राहते

तालुक्याच्या गावातल्या सॉ मिलवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीवर किंवा वखारीवर, माहितीपट निघाला की त्यात आजोबा, वडील आणि नातू ओळीने दिसतात. मागे पट्टा फिरतोय, भुसा उडतोय, आणि निवेदक सांगतो की या घराने धंदा जिवापाड जपला. जपला असेलही. पण वखार पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहण्यामागे एक सरकारी कागदही असतो, गिरणीचा परवाना, आणि तो पडद्यावर फारसा येत नाही.

यंत्रं येण्याआधी फळ्या पाडायचे ते करवते. ओंडका घोडीवर चढवायचा, कावेत बुडवलेलं सूत ताणून त्यावर रेघ मारायची. मग एक जण वर उभा, दुसरा खाली आणि मध्ये लांब करवत. भुसा मात्र सगळा खालच्याच्याच डोळ्यांत. मुंबईच्या गोदीत वाडिया या पारशी जहाजबांधणी घराण्याने सागवानी जहाजं बांधली ती या हातकरवतींच्या काळात. त्यांतलं १८१७ सालचं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

पुढे तालुक्यांना वीज आली आणि पट्टा करवत आली, म्हणजे दातेरी पोलादी पट्टा फिरवून लाकूड कापणारं यंत्र. महाराष्ट्रात ती चालवायला अनेक ठिकाणी पुढे झाले कच्छी पटेल, म्हणजे कच्छमधले कडवा पाटीदार. कोरडवाहू शेतीवर भागेना म्हणून देशभर पांगलेली ही मंडळी लाकडाच्या धंद्यात अशी काही रुजली की कित्येक गावांत ‘पटेलांची वखार’ हाच पत्ता झाला. रीत साधी होती. काकाच्या गिरणीत पुतण्याने काम शिकायचं आणि हात बसला की शेजारच्या तालुक्यात आपली गिरणी टाकायची.

शिकायला पुष्कळ होतं. बांधावरच्या आंब्याला कुणीतरी कधी काळी कुंपणाची तार बांधलेली असते, खिळा ठोकलेला असतो. झाड वाढताना तो गिळून टाकतं. कित्येक वर्षांनी ओंडका ट्रॉलीवर चढतो आणि पट्ट्याचे दात एका झटक्यात जातात. मुरलेला कारागीर सालीवरचा काळा डाग बघून आत लोखंड आहे हे ओळखतो आणि ते काढायला आधीच कुऱ्हाड मागवतो.

मग आली १२ डिसेंबर १९९६ ही तारीख. केरळमधल्या निलंबूर राजघराण्यातल्या गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी तामिळनाडूच्या निलगिरीतल्या गुडलूरच्या जंगलतोडीविरुद्ध याचिका केली होती. त्या दिवशीच्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने तिचा आवाका देशभर नेला. शब्दकोशातल्या अर्थाने जे जे वन, ते सगळं कायद्याने वन, असं ठरलं, आणि केंद्राच्या मंजुरीविना वनात चालणाऱ्या सॉ मिल बंद करायला सांगण्यात आलं. २००२ मध्ये न्यायालयाने आणखी एक अट घातली : वनांच्या प्रकरणांसाठी त्याच वर्षी नेमलेल्या सेंट्रल एम्पॉवर्ड कमिटीच्या परवानगीशिवाय राज्यांनी नवी सॉ मिल उघडू द्यायची नाही.

जंगलासाठी हे गरजेचंच होतं, असं माझं मत आहे. पण त्याचा एक परिणाम कुणी फारसा मोजला नव्हता. नवा परवाना दुर्मीळ झाल्यावर जुन्याला जमिनीच्या सातबाऱ्यासारखी किंमत आली. पुतण्याने शेजारच्या तालुक्यात गिरणी टाकायची वाट जवळपास बंद झाली. मुलाला लाकडात रस असो-नसो, परवाना वाया घालवायला घर तयार होईना. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हे अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आले आणि गाठ थोडी सैल झाली, तरी जुन्या परवान्याचा दबदबा गेला नाही.

लाकूडही बदललं. पूर्वी आंबा, फणस, ऐन, किंजळ आसपासचेच. पण महाराष्ट्रात यांतली झाडं खासगी जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, वाहतुकीचा पास लागतो. कोकणातल्या हापूसच्या लाकडी पेटीची जागा बरीचशी पुठ्ठ्याच्या खोक्याने घेतली, म्हणजे तेही काम आटलं. आता पॅकिंगच्या फळ्यांसाठी कांडला बंदरातून न्यूझीलंडचं पाइन येतं. योगायोग असा की त्या बंदराचा जिल्हाही कच्छच. ते लाकूड पांढरं, मऊ आणि सरळ रेषेचं. लागवडीत वाढलेल्या त्या झाडाला कुणी कुंपणाची तार बांधलेली नसते, त्यामुळे कुऱ्हाड कोपऱ्यात पडून असते.