पंक्चरवाला किती लांब?

रविवारी सकाळी पुण्याजवळ खडकवासल्याला चहा-भजीसाठी थांबलेल्या सायकलवाल्यांत एक वाद हमखास रंगतो. टायर हलका, मऊ घ्यावा की जाड, काट्याला दाद न देणारा? २८ मिलिमीटर रुंदीचा शर्यतीचा टायर पाव किलोच्या आसपास भरतो. त्याच रुंदीचा 'पंक्चर होणारच नाही' या थाटात विकला जाणारा टायर पाऊण किलोच्या घरात जातो. पहिल्यावर सायकल तरंगते, दुसऱ्यावर ओढावी लागते. मात्र पहिलावाला खेड शिवापूरला रस्त्याकडेला बसलेला दिसतो आणि दुसरावाला त्याला हात करून पुढे जातो.

हा वाद टायरइतकाच जुना आहे. माझ्या मते तो रबराचा कमी आणि पंक्चर काढणारा माणूस किती अंतरावर आहे याचा जास्त आहे.

टायर म्हणजे नुसतं रबराचं कडं नव्हे, त्याचा जीव आतल्या कापडात असतो. चाक फिरताना रस्त्याला टेकलेला भाग चपटा होतो आणि उचलला गेला की पुन्हा गोल होतो. या वाकण्या-उलगडण्यात घातलेली सगळी ताकद परत मिळत नाही, काही रबराच्या आत उष्णता होऊन जिरते. थर जितका जाड तितकं जास्त जिरतं. शिवाय जाड टायर बारीक खडी पोटात घेत नाही, तिची थरथर हँडलपर्यंत पोचवतो. आता काटा अडवायचा तर जादा थर कुठे घालणार? रस्त्याला टेकणाऱ्या भागातच, म्हणजे जिथे टायर लवचीक हवा नेमका तिथेच. फिरत्या ड्रमवर चाक चालवून केलेल्या चाचण्यांत असा चिलखती टायर शर्यतीच्या टायरच्या दुपटीच्या आसपास ताकद खातो.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ चं, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाचं. तेव्हा आजच्यासारखी सायकलच नव्हती, त्याचा टायर घोडागाडीसाठी होता. आत रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि बाहेरून चामडं. म्हणजे चिलखत पहिल्या दिवसापासून होतंच. ती कल्पना मागे पडली आणि पुढची चार दशकं आधी लोखंडी पट्टीची, मग भरीव रबराची गेली. भरीव रबराला पंक्चर ठाऊक नाही. पण त्या काळच्या सायकलींचं एक नाव 'हाडं खिळखिळी करणारी' अशा अर्थाचं होतं, यावरून बाकीचा अंदाज यावा.

मग बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने १८८७ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर ते टिकलं नाही, हे वेगळं. १८८९ मध्ये विली ह्यूम हा सायकलपटू बेलफास्टच्या शर्यतींत हे टायर घेऊन उतरला आणि जिंकला. मऊ टायर नुसता आरामाचा नाही, वेगाचाही आहे, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

अडचण अशी की डनलॉपचा टायर चाकाला चिकटवलेला असे. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँला मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असाच एक पंक्चर टायर दुरुस्तीला आला. तो काढून, ठिगळ लावून, परत चिकटवायला तीन तास आणि वर गोंद वाळायला रात्र, आणि एवढं करूनही तो टिकला नाही. त्यातून १८९१ चा सुटा होणारा टायर आला. त्याच वर्षी शार्ल तेरोंने याच टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी मिशलँने पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि टायर किती झटपट दुरुस्त होतो हे दाखवायला रस्त्यावर चक्क खिळे टाकले, असं सांगतात. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. पंक्चर होणार नाही असा टायर त्यांनी केलाच नाही. ते होणार हे धरून चालले आणि दुरुस्ती सोपी केली.

पुण्याने पुढची कित्येक दशकं नेमकं हेच केलं. १९३६ मध्ये बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला आणि टायर देशात बनू लागले. दांड्यांच्या ब्रेकची काळी सायकल, २८ बाय दीडचा जाडसर टायर, हवा बेताची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. पेठांत तासावर सायकल मिळायची. या सायकलींना पंक्चररोधक पट्टा वगैरे काही नव्हतं, कारण गरजच नव्हती. कोपऱ्यावर पंक्चरवाला होता. ट्यूब बाहेर ओढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावून फुंकर मारायची, ठिगळ चिकटवून हातोडीने ठोकायचं. टायरलाच चीर गेली असेल तर जुन्या टायरचा तुकडा आतून. तेवढ्यात शेजारच्या अमृततुल्यात एक कटिंग होई.

काटेही ओळखीचे. बाभळीचा काटा लांब असतो, त्याच्यापुढे कुठल्याच टायरची मिजास चालत नाही. सराट्याचा काटा मात्र जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, पण कसाही पडला तरी एक टोक वर राहतंच. या वनस्पतीला इंग्रजीत नावच पंक्चरवाइन असं आहे. पाऊस लागला की काच आणि काटे ओल्या रबरात आणखी सहज घुसतात, हे कुठलाही पंक्चरवाला सांगेल.

मग लुना, स्कूटर-मोटारसायकली आल्या आणि पेठेतली सायकल जिन्याखाली गेली. ती परत आली ती वेगळ्या रूपात: २३ मिलिमीटरचा टायर, ११०-१२० पीएसआय हवा, कोपऱ्यावरच्या पंपाला न बसणारा प्रेस्टा व्हॉल्व्ह. आणि ती पेठेत फिरत नाही, साताऱ्याच्या नाहीतर सोलापूरच्या रस्त्याने जाते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवायची, आणि लांब पल्ल्याची असेल तर रात्रीही चालवायची. रात्री दोनला यवतच्या पुढे घमेलं कुठून आणणार? चिलखती टायर पुण्यात खपू लागला तो इथे.

पण चिलखतातही प्रकार आहेत, आणि दुकानात हे कुणी धड सांगत नाही. १९६५ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांना जो धागा सापडला, तो केवलार. त्याचा विणलेला पट्टा काचेची चीर चांगली अडवतो. हायवेच्या कडेला आपला खरा शत्रू वेगळा आहे. ट्रकचे टायर फुटून त्यांतल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. ही तार विणीच्या दोन धाग्यांमधून सुळकन आत जाते. तिला अडवते ती नुसती जाडी. लांबच्या प्रवासाच्या काही टुरिंग टायरांत ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याखाली, पाच मिलिमीटर रबराचा थर असतो तो त्यासाठी, आणि वजनही त्याचंच. शहरात काचा चुकवत ऑफिसला जाणाऱ्याने हे ओझं का वाहावं, मला कळत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत शर्यतवालेही २३ वरून २५, २८ वर आले. रुंद टायरात हवा कमी चालते, खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला चिमटा बसत नाही, आणि वेग जातो ही भीती बरीचशी खोटी ठरली. आपल्या रस्त्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

२०१८ च्या सुमारास पुण्यात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीत सायकली आल्या. त्यांतल्या काहींना बिनहवेचे टायर होते. पंक्चरची कटकट नाही, पण पेव्हर ब्लॉकवर दात वाजायचे. डनलॉपच्या आधीच्या काळात दोन किलोमीटर जाऊन आल्यासारखं वाटलं.

ट्यूबलेस १९९९ पासून माउंटन बाइकवर रुजलं आणि आता रस्त्याच्या सायकलीवरही आलं आहे. आत लॅटेक्सचं दुधासारखं द्रव घालतात, भोक पडलं की ते तिथे जाऊन गोठतं, म्हणून टायर पातळ ठेवता येतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये ते लवकर सुकतं आणि दर थोड्या महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं. मोठं भोक पडलं तर रबराची चिकट दोरी खुपसायची. गेल्या पावसाळ्यात शिरवळजवळ मी हेच करत बसलो होतो. शेजारी गाड्यांचे टायर काढणारा पंक्चरवाला बघायला आला, म्हणाला, "हे तर आमचंच काम, फक्त सुई बारीक." आणि त्याने दोरी माझ्यापेक्षा नीट बसवून दिली.