‘फणस’ की ‘पणस’: गोव्यातल्या पहिल्या वाचनाची पार्श्वभूमी

गोव्यात मराठी शाळेच्या पहिलीत बसणारी अनेक मुले घरी कोकणी बोलतात. अंकलिपीत ‘फ फणसाचा’ असतो आणि परसातल्या झाडाला मात्र घरात सगळे ‘पणस’ म्हणतात. मूल चित्रावर बोट ठेवून ‘पणस’ म्हणते. फळ अचूक ओळखले जाते, पण फ शिकायचा राहतो.

जुन्या पंतोजींच्या शाळेत सुरुवात धूळपाटीवर व्हायची. आधी ओनामा, मग मुळाक्षरे गिरवणे, मग बाराखडी घोकणे, आणि पुढे मोडी. पोर्तुगीज अमलात गोव्यातले मराठी शिक्षण बव्हंशी लोकांनीच चालवले, कधी देवळाच्या आवारात, कधी कुणाच्या ओसरीवर. घोकंपट्टीला आज नावे ठेवली जातात, पण तिचा पाया भक्कम होता. देवनागरीत ‘क’ला कच म्हणतात, अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार. उणीव एवढीच, की बाराखडी तोंडपाठ म्हणणारे मूल अनोळखी शब्द वाचेलच असे नाही.

गोव्यात या जोडीला रोमी, म्हणजे रोमन, लिपीची परंपरा आहे. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले ते रोमी लिपीत. ट, ड, ण, ळ यांसाठी रोमीत अक्षरेच नव्हती, म्हणून त्यांनी टी, डी, एन, एल ही अक्षरे दुहेरी लिहून वेळ भागवली. रोमी कोकणीत ‘डोळो’ लिहिताना आजही दोन एल येतात. मुलांना स्पेलिंग शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा नमुना पाहावा असे मला वाटते. बोलण्यातला ध्वनी कानाने नीट वेगळा केल्याशिवाय असे लेखन बसवताच येत नाही.

वाचायला शिकवताना अक्षर आधी की शब्द आधी हा वाद पाश्चात्त्य देशांत पेटला, कारण इंग्रजीत अक्षराचे नाव आणि उच्चार यांत मोठी तफावत आहे. अमेरिकेत शिक्षणसुधारक होरेस मान यांनी 1840 च्या दशकात सुट्या अक्षरांच्या घोकंपट्टीवर टीका केली, 1955 मध्ये लेखक रुडॉल्फ फ्लेश यांनी उच्चारपद्धतीची, म्हणजे अक्षरांचे उच्चार जोडून शब्द वाचायला शिकवण्याची, बाजू हिरिरीने मांडली, आणि 2000 साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीच्या अहवालाने पाच गोष्टींवर भर दिला: ध्वनींची जाण, ध्वनी-अक्षर संबंध, ओघ, शब्दसंग्रह, आकलन. आपल्याकडे तो वाद जसाच्या तसा आणून चालत नाही. मराठीतल्या अडचणी वेगळ्या आहेत. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांत च एकच दिसतो, ऐकू दोन येतात. ण आणि ळ यांनी सुरू होणारा शब्द सापडत नाही, म्हणून ‘बाणाचा ण’, ‘बाळाचा ळ’. ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. मूल ‘किडा’ लिहिताना आधी क काढून मग वेलांटीला जागा शोधते, ते याच कारणाने. त्याने कानावर विश्वास ठेवलेला असतो.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. 1963 पासून पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि ज्या घरांत कधी पाटी आली नव्हती तिथली मुले वर्गात बसली. याच सुमारास, 1962 मध्ये, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, ‘घरांत’ हे एकवचनी रूप ‘घरात’ झाले.

पुढे 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. दोन्ही भाषांची लिपी एक, लेखन वेगळे. कोकणीत ‘आनी’ आणि ‘घरांत’ बरोबर, मराठीत ‘आणि’ आणि ‘घरात’. कोकणीच्या तासाला बरोबर ठरलेला शब्द मराठीच्या वहीत लाल शाईने खोडला जातो, तेव्हा मुलाला आपले काय चुकले हेच उमगत नाही.

अशा वेळी नुसती फुली मारू नये. दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहावीत, मोठ्याने म्हणून घ्यावीत आणि कुठले कुठल्या भाषेचे ते मुलालाच सांगू द्यावे. ‘पणस’ म्हणणाऱ्याला आधी प दाखवावा, कारण तो ध्वनी त्याच्या तोंडी आहे. मग फुलाचा फ.